पेप्टाइडांचा इतिहास आणि आपली त्वचा

व्याख्यानाच्या मांडवात इतिहास हा शब्द उच्चारला की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे गडकोट, तहनामे आणि बखरी उभ्या राहतात. आज आम्ही जिचा इतिहास सांगणार आहोत ती वस्तू डोळ्यांना दिसत नाही, तिच्यासाठी कोठे लढाई झाली नाही आणि तिची बखरही कोणी लिहिली नाही. तरीही तिचे नाव आज औषधांच्या दुकानांत, कॉलेजातील मुलामुलींच्या बोलण्यात आणि घरोघरच्या आरशापुढील फळीवर येऊन पोचले आहे. ही वस्तू म्हणजे पेप्टाइड. हे नाव छापलेली लहानशी बाटली साध्या मलमापेक्षा पुष्कळदा कितीतरी महाग असते. ती विकत घेणाऱ्याच्या मनात दोनच प्रश्न असतात. हिने सुरकुत्या खरोखर कमी होतात काय? आणि ही वापरावी कशी?

सोयरीक जुळवताना आपण स्थळाच्या घराण्याची चौकशी करतो. घरात येऊ पाहणाऱ्या या पाहुण्याचीही तशीच चौकशी करणे रास्त होईल. चौकशीअंती असे दिसून येईल की घराणे मोठे नामवंत आहे. शंका आहे ती घराण्याविषयी नव्हे. पाहुणा उंबरठा ओलांडून आत येतो की नाही, याविषयी आहे.

आरंभ घराण्यापासून करू. डाळ, दूध, अंडी यांत असणारी प्रथिने ही आपल्या शरीराचीही मुख्य घडण होय. प्रत्येक प्रथिन हे अमिनो आम्ले नावाच्या लहान लहान घटकांचे बनलेले असते. मणी सुमारे वीस प्रकारचे, आणि ते एकामागून एक ओवून केलेल्या माळा मात्र अगणित. माळ आखूड असली तर तिला पेप्टाइड म्हणावयाचे, लांबलचक असली तर प्रथिन. हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु शंभरसव्वाशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांनाही हे मणी एकमेकांस कसे जोडलेले असतात, याचा उलगडा झालेला नव्हता.

हा उलगडा झाला तो दिवस इतिहासाला ठाऊक आहे. २२ सप्टेंबर १९०२ रोजी त्या वेळच्या ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील कार्ल्सबाड या गावी जर्मन शास्त्रज्ञांची परिषद भरली होती. सकाळी फ्रान्झ हॉफमाइस्टर यांनी आपल्या भाषणात सांगितले की एका अमिनो आम्लाचे टोक दुसऱ्याच्या टोकाशी एका ठरावीक बंधाने जोडले जाऊन प्रथिने बनतात. त्याच दिवशी दुपारी बर्लिनचे एमिल फिशर उठले आणि त्यांनी स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष मांडला. दोघांनी एकमेकांचे पाहून लिहिलेले नव्हते; दोन वाटांनी चालत आलेले दोन प्रवासी एकाच दिवशी एकाच विहिरीवर पोचले होते. फिशर यांनी आधीच्याच वर्षी, १९०१ साली, अर्नेस्ट फूर्नो यांच्या साहाय्याने दोन मण्यांची पहिली माळ प्रयोगशाळेत तयार केली होती. 'पेप्टाइड' हे नावही त्यांचेच. प्रथिने पचली म्हणजे जे तुकडे होतात त्यांस पेप्टोन म्हणत. त्यावरून हा शब्द बनला. म्हणजे पचनाची खूण या नावातच आहे. पुढे ही गोष्ट आपल्या उपयोगी पडणार आहे.

फिशर येथेच थांबले नाहीत. १९०७ साली त्यांनी अठरा मण्यांची माळ ओवून दाखविली. एक एक मणी हाताने जोडावयाचा, शुद्ध करावयाचा आणि मग पुढच्याकडे वळावयाचे, असे ते चिकाटीचे काम होते. त्यानंतर या साखळीचे महत्त्व रसायनशाळेबाहेरच्या लोकांना पटले ते एका रोगामुळे. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातील टोरोंटो येथे मधुमेहाने मरणाच्या दारी पोचलेल्या १४ वर्षांच्या एका मुलास इन्शुलिन टोचण्यात आले आणि तो वाचला. हे इन्शुलिन म्हणजे ५१ अमिनो आम्लांची रचना. तिच्यातील मण्यांचा नेमका क्रम केंब्रिज येथील फ्रेडरिक सँगर यांनी १९५५ सालापर्यंत पुरा उलगडून दाखविला आणि त्याबद्दल त्यांना १९५८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तिकडे अमेरिकेत व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो यांनी १९५३ साली ऑक्सिटोसिन हे नऊ अमिनो आम्लांचे संप्रेरक प्रयोगशाळेत जसेच्या तसे तयार केले. प्रसूतीच्या कळांना बळ देणारा शरीराचा हा निरोप अवघ्या नऊ मण्यांचा आहे, हे तेव्हा सिद्ध झाले.

निरोप हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. कारण पेप्टाइडांचे मर्म यातच आहे. पुष्कळशी पेप्टाइडे विटांसारखी बांधकामात पडत नाहीत. ती जासुदासारखी एका पेशीकडून दुसरीकडे जातात आणि 'हे कर', 'ते थांबव' असे सांगतात. १९६३ साली न्यूयॉर्क येथे ब्रूस मेरिफील्ड यांनी माळेचे एक टोक राळेच्या बारीक गोळ्यांना बांधून ठेवून मणी भराभर ओवण्याची युक्ती काढली. पुढे हे काम यंत्राच्या स्वाधीन करता आले. मेरिफील्ड यांना १९८४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या पाचसहा मण्यांच्या माळा आज कारखान्यांतून तयार होऊन बाटल्यांत भरल्या जातात, त्यांच्यामागे ही युक्ती आहे.

येथपर्यंतची कथा परदेशची. त्वचेकडे वळताच मात्र आपणांस मद्रासला यावे लागते. आपल्या कातडीच्या वरच्या पातळ थराखाली एक जाड थर असतो. कातडीला जो ताण आणि भरीवपणा असतो तो या थरातील कोलॅजेन नावाच्या प्रथिनामुळे. या शब्दाच्या मुळाशी सरस या अर्थाचा ग्रीक शब्द आहे, आणि ते यथार्थच आहे. सुतार लाकूड चिकटविण्यास जो सरस वापरतो तो जनावरांची कातडी व हाडे उकळून काढलेला, कोलॅजेनचाच असतो. याची रचना कशी असावी, याविषयी शास्त्रज्ञांत वाद चालू होता. १९५२ साली इंग्लंडचे शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला आले असता त्यांनी जी. एन. रामचंद्रन यांच्याजवळ या अनिर्णित प्रश्नाची गोष्ट काढली. रामचंद्रन यांचे वय तेव्हा तिशीचे. त्यांनी चर्मसंशोधन संस्थेकडून कांगारूच्या शेपटीचा स्नायुबंध मिळवला, त्यावर क्ष-किरण सोडून छायाचित्रे घेतली, आणि गोपीनाथ कर्ता या आपल्या सहकाऱ्यासह १९५४ साली कोलॅजेनच्या तीन धाग्यांची कल्पना जगापुढे ठेवली. १९५५ साली तीत सुधारणा केली. आपल्या घरातील कोणाही मुलीला ती रचना चटकन समजेल, कारण ती तिच्या तिपेडी वेणीसारखीच आहे. तीन पेड एकमेकांभोवती पीळ घालतात, आणि पीळ घट्ट बसावा म्हणून प्रत्येक पेडात दर तिसरा मणी ग्लायसिन या सर्वांत लहान अमिनो आम्लाचा असतो.

वयोमानाने ही वेणी विरळ होत जाते. नवे पेड गुंफण्याचे काम मंदावते, आणि ऊन तर जुने पेड भराभर तोडते. सुरकुती म्हणतात ती पुष्कळ अंशी हीच. मग कोणाच्याही मनात विचार येईल : कोलॅजेन विणणाऱ्या पेशींना 'आणखी विणा' असा निरोप धाडता आला तर?

हा विचार वायफळ नव्हता. १९७३ साली अमेरिकेतील लॉरेन पिकार्ट यांना मनुष्याच्या रक्तद्रवात तीन अमिनो आम्लांचे एक पेप्टाइड सापडले. त्याला आद्याक्षरांवरून जी.एच.के. म्हणतात. ते तांब्याशी घट्ट जोडले जाते. १९८८ साली फ्रान्समधील संशोधकांनी दाखविले की काचेच्या बशीत वाढविलेल्या त्वचेच्या पेशींना हे तांबेयुक्त पेप्टाइड दिले असता त्या अधिक कोलॅजेन तयार करतात. १९९३ साली अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठात आणखी एक गोष्ट उजेडात आली. कोलॅजेन तयार होताना त्याच्या टोकाचा जो भाग कापून टाकला जातो, त्यातील पाच मण्यांचा एक तुकडा पेशींना पुन्हा कोलॅजेन करावयास लावतो. सुताराच्या रंध्याखालचा भुसाच जणू त्याला सांगतो की काम चालू आहे, लाकूड आण! फ्रान्समधील एका कारखान्याने या तुकड्याला पामिटिक आम्लाची स्निग्ध शेपटी जोडली, आणि २००० सालाच्या सुमारास तो प्रसाधनांत येऊ लागला. बाटलीवर आज जे 'पामिटॉइल पेंटापेप्टाइड-४' असे लिहिलेले असते ते हेच होय.

घराणे आपण पाहिले. आता उंबरठा पाहू.

निसर्गाने त्वचा केली ती बाहेरचे आत येऊ नये म्हणून. तिचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. त्याची जाडी बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकीही नसते. पण चपट्या विटा आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध द्रव्याचा चुना अशी त्याची बांधणी आहे. पाणी, धूळ, जंतू यांना तो सहसा दाद देत नाही. २००० साली हॉलंडमधील बॉस आणि माइनार्डी या दोघांनी त्वचेतून आत शिरणाऱ्या द्रव्यांचा आढावा घेतला आणि एक ढोबळ नियम सांगितला : ज्या रेणूचे वजन ५०० डाल्टनहून अधिक असते तो धड कातडीतून आत जात नाही. पाण्याच्या रेणूचे वजन १८ डाल्टन. तीन मण्यांचे जी.एच.के. सुमारे ३४० भरते. ते कसेबसे दारातून जाईल. शेपटीसह पाच मण्यांची ती माळ ८०० च्या घरात जाते. शेपटी स्निग्ध असल्यामुळे तिला विटांमधल्या चुन्यातून थोडी वाट मिळते, इतकेच. इन्शुलिन तर ५,८०० च्या घरात. म्हणूनच पहिल्या सुईला १०० वर्षे उलटून गेली तरी इन्शुलिनचे मलम काही निघाले नाही. ते गिळूनही भागत नाही, कारण पोट त्याचे तुकडे करते. आणि पेप्टाइड या नावातच ती खूण आहे हे आपण मघाशी पाहिले. ज्याचा निरोप प्राण वाचवतो असे पेप्टाइडही कातडीवर चोळून आत जात नाही, ही गोष्ट बाटली हातात घेताना विसरून चालणार नाही.

मग मलमातील पेप्टाइडे अगदीच निरुपयोगी म्हणावीत काय? तसेही म्हणता येत नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. ३५ ते ५५ वर्षांच्या ९३ स्त्रियांनी चेहऱ्याच्या एका बाजूस साधे ओलावा टिकविणारे मलम आणि दुसऱ्या बाजूस त्याच मलमात वरील पंचपेप्टाइड घालून १२ आठवडे लावले. कोणत्या बाजूला काय आहे हे त्यांना आणि तपासणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. पेप्टाइडाच्या बाजूच्या बारीक रेषा व सुरकुत्या अधिक कमी झालेल्या आढळल्या. त्याचे प्रमाण होते दहा लाख भागांत ३ भाग. म्हणजे ३० ग्रॅमच्या डबीत मिलिग्रॅमचा अकरावा हिस्सासुद्धा नाही. इतक्या अल्प मात्रेने काही फरक पडावा हे कौतुकाचे खरे. परंतु हेही सांगितले पाहिजे की संशोधक प्रसाधने बनविणाऱ्या कंपनीचे होते, आणि फरक मोजता आला तरी तो थोडा होता. आजी नात दिसू लागली, असे काही झाले नाही.

दुसरे एक पेप्टाइड सहा मण्यांचे आहे. त्याला 'ॲसिटिल हेक्झापेप्टाइड-८' म्हणतात. स्नायूंना आकुंचनाचा हुकूम देणाऱ्या यंत्रणेतील एका प्रथिनाचे टोक नकलून ते बनविलेले आहे. त्याला बोटॉक्सचा पर्याय म्हणून मिरविण्यात येते. पण बोटॉक्स सुईने थेट स्नायूत जाते. हे मात्र वरून लावावयाचे. स्नायू कातडीच्याही खाली, आणि याचे वजन ८०० हून अधिक! २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ज्या प्रयोगाचा दाखला नेहमी देतात तो मूठभर स्त्रियांवर महिनाभर झालेला होता. तेवढ्या पायावर एवढी इमारत उभी राहत नाही.

याच्या शेजारी आता एक वेगळा प्रयोग ठेवून पाहू. ऑस्ट्रेलियातील नॅम्बर या गावी १९९२ ते १९९६ या काळात काही नागरिकांना रोज ऊनरोधक मलम, म्हणजे सनस्क्रीन, लावावयास सांगितले, आणि काहींना मर्जीप्रमाणे लावण्याची मोकळीक दिली. ९०३ माणसांच्या हातांच्या पाठीचे ठसे घेऊन त्वचेचे वय मोजले. २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : रोज लावणाऱ्यांची त्वचा साडेचार वर्षांत जवळजवळ म्हातारी झालीच नव्हती, आणि दुसऱ्या गटाच्या तुलनेत तिची झीज २४ टक्क्यांनी कमी होती. यात कोठे पेप्टाइड नव्हते. विणलेली वेणी उन्हाने उसवू न देणे हे नवी वेणी विणण्यापेक्षा सोपे आणि खात्रीचे आहे, एवढाच त्याचा अर्थ. दुसरा सिद्ध उपाय म्हणजे 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातील ट्रेटिनोइन. उन्हाने जून झालेल्या त्वचेवर त्याचा गुण येतो हे अल्बर्ट क्लिगमन यांनी १९८६ साली दाखविले. पण ते औषध आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे, आणि गर्भवती स्त्रियांनी टाळावे.

या इतिहासातून वापराची रीत आपोआप निघते. पहिला मान उन्हापासून बचावाचा : सकाळी चेहरा सौम्य साबणाने धुऊन एस.पी.एफ. ३० किंवा अधिकचे सनस्क्रीन पुरेसे लावावे आणि बाहेर राहावे लागल्यास दोन तासांनी पुन्हा लावावे. डोक्यावर पदर, टोपी, छत्री ही आपली जुनी साधनेही कमी नाहीत. दुसरा मान ओलावा टिकविणाऱ्या साध्या मलमाचा. ही दोन कामे नित्य होत असतील आणि पदरी पैसे शिल्लक असतील, तर तिसऱ्या जागी पेप्टाइडाला बसवावे. ते रात्री धुतलेल्या, किंचित ओलसर चेहऱ्यावर लावून वर साधे मलम लावावे. धुऊन टाकावयाच्या साबणात किंवा फेसात पेप्टाइडासाठी पैसे मोजू नयेत. जे मिनिटात मोरीतून वाहून जाते ते निरोप कोणाला देणार? तांबेयुक्त पेप्टाइड आणि 'क' जीवनसत्त्व एकाच वेळी लावू नयेत, कारण तांबे त्या जीवनसत्त्वाचा नाश लवकर करते. एक सकाळी आणि एक रात्री ठेवावे. नवी बाटली आणली की प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस काही दिवस लावून पाहावे. खाज किंवा लाली आली तर ती चेहऱ्याला लावू नये. आणि गुण आला की नाही हे बारा आठवड्यांच्या आत ठरवू नये. 'पी हळद आणि हो गोरी' ही म्हण आपल्या वडीलधाऱ्यांनी अशाच उतावळ्यांसाठी करून ठेवली आहे.

उलट जे मलम चार दिवसांत चेहरा उजळवते त्याचा संशय धरावा. अशा मलमांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. त्याने कातडी पातळ होते, मुरमे उठतात, आणि ते सोडल्यावर चेहरा आग होऊन लाल पडतो. हे प्रकार इतके वाढले की २०१८ साली सरकारला अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास बंदी करावी लागली. तसेच 'फक्त संशोधनासाठी' अशी चिठ्ठी लावलेली पेप्टाइडांची पूड मागवून घरच्या घरी टोचून घेण्याची जी नवी हौस निघाली आहे, तिच्यापासून आपल्या तरुणांना दूर ठेवावे. त्वचेचा उंबरठा मलमाला अडवतो ही अडचण वाटत असली तरी तोच आपला पहारेकरी आहे. सुई त्याला बगल देऊन पूड आत सोडते, आणि तीत जे काही भेसळ असेल तेही तिच्याबरोबर आत जाते.

बाटली वाचावी कशी, हेही थोडक्यात सांगतो. आपल्या देशातील २०२० च्या प्रसाधन नियमांप्रमाणे एक टक्क्याहून अधिक असलेले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले मात्र कोणत्याही क्रमाने छापता येतात. पेप्टाइडे बहुधा या दुसऱ्या गटात बसतात. सबब त्याचे नाव यादीत वर आहे की खाली, यावरून त्याचे प्रमाण कळत नाही. पुढील बाजूवरच्या मोठ्या अक्षरांवरून तर नाहीच. म्हणून विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत : पेप्टाइड कोणते? किती? आणि याच मलमाची परीक्षा किती माणसांवर, किती आठवडे झाली? उत्तर मिळाले तर घेण्याचा विचार करावा. उत्तराऐवजी एखाद्या सुंदर चेहऱ्याचे चित्र पुढे आले, तर बाटली फळीवर परत ठेवावी.

नीटनेटके दिसावे अशी इच्छा धरणे यात काही वावगे नाही, आणि सुरकुती ही लाजेची बाब नाही. वाईट आहे ते इतकेच, की ज्या विद्येसाठी फिशर, सँगर आणि आपले रामचंद्रन यांनी आयुष्ये वेचली तिचे नाव घेऊन कोणी एखाद्या मध्यमवर्गीय घरातील महिन्याच्या खर्चातून पैसे उपटावेत. त्या विद्येने आपणांस जितके दिले आहे तितकेच तिच्याकडून मागावे. आज तिने दिले आहे ते एवढे : निरोप खरा आहे, तो दारापाशी बराचसा अडतो, थोडासा आत जातो, आणि जेवढा जातो तेवढ्याचा गुण थोडा व सावकाश येतो. एवढे जाणून जो पेप्टाइड लावील त्याचा हिरमोड होणार नाही. आणि जो न लावता रोज छत्री घेऊन बाहेर पडेल, त्याच्याही त्वचेचे काही बिघडणार नाही.